हाकणे, वल्हवणे आणि चालवणे



आपण मराठी माणसे सायकल चालवतो, मोटार चालवतो, आगगाडी, आगबोट आणि विमानही चालवतो. हे एकच क्रियापद घेऊन आपण इंग्रजीच्या दारात जातो आणि ‘आय ड्राइव्ह अ सायकल’ असे म्हणून आपले हसे करून घेतो.

इंग्रजीचा न्याय असा. ‘ड्राइव्ह’ म्हणजे मुळात जनावर हाकणे. घोडागाडी हाकणारा पुढे मोटारीत बसला, तरी क्रियापद तेच राहिले. मांड टाकून ज्यावर बसायचे, त्याला ‘राइड’: घोडा, सायकल, मोटारसायकल. वल्ह्यांच्या होडीला ‘रो’, विमानाला ‘फ्लाय’. जहाजाची शिडे जाऊन वाफ आली, तरी ते ‘सेल’च करते! वाहन बदलते, क्रियापद मागल्या वाहनाची आठवण जपते.

पण एवढ्यावरून इंग्रजीला हार घालण्याचे कारण नाही. आपणही बैलगाडी हाकतो, नाव वल्हवतो, घोडा दौडवतो. ही सगळी संपत्ती आपण एका ‘चालवणे’त बुडवत आहोत. परक्या भाषेतली चूक मास्तर सुधारतील. घरची गळती मात्र आपणच थांबवली पाहिजे.