पेशीतले ठिपके



जीवशास्त्राच्या वहीत आपण सगळ्यांनी प्राणीपेशी काढली आहे. एक वेडावाकडा गोल, मध्ये केंद्रक आणि उरलेल्या जागेत पेन्सिलीचे ठिपके. ‘हे ठिपके कशाचे?’ असे मी विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, ‘पुस्तकात एवढेच आहे. पुढे तूच शोध.’

बाई, त्या ठिपक्यांच्या जागी एक सांगाडा असतो. अॅक्टिन या प्रथिनाचे सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू. आपली हाडे वर्षानुवर्षे टिकतात. हा सांगाडा मात्र मिनिटामिनिटाला मोडतो आणि पुन्हा उभा राहतो. मांडववाल्याचे बांबू तेच असतात, आज लग्नाचा मांडव तर उद्या गणपतीचा. तसेच हे. मग आज कोणता मांडव घालायचा, हे कोण सांगते?

लंडनमध्ये अॅलन हॉल आणि अॅन रिडली यांनी १९९२ साली हे दाखवले. उंदराच्या शांत बसलेल्या पेशींत त्यांनी अतिशय बारीक सुईने एकेक प्रथिन टोचले. ‘रो’ टोचल्यावर पेशीत ताठ, ताणलेले दोर तयार झाले. ‘रॅक’ टोचल्यावर कडेला पातळ झालर लहरू लागली. १९९५ साली ‘सीडीसी-४२’चे काम कळले : त्याने पेशीला बोटांसारखे धागे फुटतात. ही तिन्ही प्रथिने दिव्याच्या बटणासारखी आहेत. जीटीपी हा छोटा रेणू चिकटला की चालू, त्याचा जीडीपी झाला की बंद.

मैदानावर आपले गुडघे कितीदा फुटले! ती प्रत्येक जखम भरताना कडेच्या पेशी बोटांनी चाचपत, झालर पुढे पसरत, दोर आवळून मागचे अंग ओढून घेत सरकल्या होत्या.

हा निरोप मध्येच अडला तर? विस्कॉट-ऑल्ड्रिच हा दुर्मीळ जन्मजात आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. सीडीसी-४२चा हुकूम अॅक्टिनपर्यंत नेणारे प्रथिनच त्यांच्या रक्तपेशींत सदोष असते. पांढऱ्या पेशींना संसर्गाच्या जागी नीट पोचता येत नाही, प्लेटलेट कमी आणि लहान असतात. म्हणून वारंवार आजारपण, रक्तस्राव, इसब. जुळणारा दाता मिळाला, तर अस्थिमज्जा-रोपणाने असे मूल बरे होऊ शकते. तुमच्यापैकी कोणाला अस्थिमज्जा-दात्यांच्या यादीत नाव नोंदवता येत असेल, तर जरूर नोंदवा. एवढी एकच विनंती करायला मी आज उभी आहे.

आणि बाई, उत्तर अजून अर्धेच आहे. एकाच पेशीत पुढच्या टोकाला एक बटण आणि मागे दुसरे, हा मेळ नेमका कसा बसतो, हे पूर्ण उलगडलेले नाही. त्या दिवशी पुस्तकाबाहेरच्या प्रश्नाला तुम्ही गप्प बसवले नाहीत, म्हणून मी अजून शोधते आहे.