शेजारची खाट

(भिवंडी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर ‘युद्ध आणि सैनिकाचे मन’ असा विषय छापला आहे. त्यातला एकच धागा मी धरणार आहे. लढाईवरून परतलेल्या माणसाला डॉक्टर लागतो, औषध लागतं, पेन्शन लागते. पण रात्री दचकून उठणाऱ्या फौजीला सावरतो तो बहुतेक वेळा दुसरा फौजी. आणि तोही ‘चल, मन मोकळं कर’ असं म्हणून सावरत नाही. दोघं भलत्याच कामासाठी एकत्र येतात, आणि त्या कामाच्या आडोशाने माणूस बोलता होतो. तो आडोसा आपण काढून घेत चाललो आहोत, हे माझं आजचं म्हणणं.

१९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी लढाईने हादरलेल्या सैनिकांच्या अवस्थेसाठी ‘शेल शॉक’ हे नाव वैद्यकीय नियतकालिकात आणलं वगैरे इतिहास तुम्ही वाचलेला आहे. तो सोडून देते. आपल्याकडचं बघू. १९१७ मध्ये मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने जायबंदी सैनिकांना हाताला काम शिकवणारी संस्था निघाली. ती पुढे खडकीला गेली. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. याच खडकीत १९७४ साली पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झालं. मणक्याला मार लागून कमरेखाली, काहींचं तर मानेखाली शरीर लुळं पडलेले जवान तिथे वर्षानुवर्षं राहतात. ते चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. नव्याने आलेल्या पोराला ‘आयुष्य संपलेलं नाही’ हे आपण सांगून पटत नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस सकाळी खुर्चीत बसून खेळायला निघतो, तेव्हा ते पटतं.

आता मुरलीकांत पेटकरांचं नाव येणारच. (मागून आवाज : ‘चंदू चॅम्पियन!’ हशा.) हो, तो चित्रपट ज्यांच्यावर निघाला तेच. इस्लामपूरचे, सैन्यात मुष्टियुद्ध खेळणारे. १९६५ च्या युद्धात सियालकोट भागात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली. मुंबईच्या नौदल रुग्णालयात असताना उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतलं. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. टाळ्या वाजवाव्यात अशीच ही कथा आहे. पण ज्यांना पदक मिळालं नाही, जे नुसते गावी परत आले, त्यांचं काय झालं? त्यांच्यावर चित्रपट निघत नाही.

माझे वडील त्यातले. एकाहत्तरची लढाई करून आले, अंगावर ओरखडा नाही. घरी मात्र दिवाळी आली की ते कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसायचे, आणि आई आम्हाला सांगायची, ‘फटाके मागच्या गल्लीत उडवा गं.’ कारण कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. महिन्यातून एकदा ते फौजी कॅन्टीनला जायचे. (हशा.) हसताय ते मला कळलं. कोट्यातली रम हे कारण होतंच. आईसुद्धा त्यावरून बोलायची. पण दोन बाटल्या आणि साबणाच्या वड्या आणायला माणसाला अख्खा दिवस लागत नाही. तिथे त्यांच्या पलटणीतले एक काका यायचे. एकदा मी बरोबर गेले होते. रांग मोठी, ऊन कडक, दोघं भिंतीला टेकून बसलेले. कांद्याचा भाव, काकांचा गुडघा, कुणाच्या पेन्शनचं अडलेलं. आणि मध्येच काका म्हणाले, ‘अजून येतो का रे तो?’ वडील म्हणाले, ‘येतो. पण आता कमी.’ ‘माझ्याकडे पण येतो,’ असं म्हणून काका पिशवी उचलून पुढे सरकले, कारण रांग हलली होती. तो म्हणजे कोण, हे मला आजही माहीत नाही. मेलेला मित्र असेल, मारलेला शत्रू असेल. आईला ही गोष्ट वडिलांनी आयुष्यात सांगितली नाही. ती त्या रांगेत त्यांना कधीपासून सांगता येत होती, कोण जाणे.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं उरली आहेत म्हणतात. आणखी एक चिठ्ठी श्रोत्यांकडून आली आहे : ‘सैनिकाला मनाने दुबळा ठरवणं हा सैन्याचा अपमान नाही का?’ नाही. साफ नाही. पायाला गोळी लागलेल्याला आपण दुबळा म्हणत नाही. झोपेला लागलेली गोळी दिसत नाही, एवढाच फरक. युद्धाच्या आघाताने होणारा हा मनाचा आजार, म्हणजे पीटीएसडी, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये आला. त्याआधी दहा वर्षं, १९७० मध्ये, व्हिएतनामहून परतलेले जवान न्यूयॉर्कमध्ये आपापले गट करून बोलायला बसले होते. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शातान हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात येऊन बसले, उपचार करणारे म्हणून वर नव्हे, बरोबरीने. जवान पुढे होते, वैद्यकशास्त्र मागून आलं.

आणि दुसऱ्याच कामासाठी एकत्र बसून माणसं सावरतात, हे भिवंडीकरांना पटवायची मला गरज वाटत नाही. १९८४ च्या दंगलीत या गावाने काय पाहिलं ते तुम्ही सांगाल, मी ऐकेन. त्यानंतर १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम, दोन्ही समाजांची माणसं आणि भागातला हवालदार नेमाने एकत्र बसू लागले. चर्चा असायची ती गल्लीतल्या बारीकसारीक तंट्यांची. पण बसण्याची सवय लागली, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. (पहिल्या रांगेतून : ‘आम्ही होतो त्यात!’ टाळ्या.) मग तुम्हीच माझे साक्षीदार.

आता घाई करते. असा आडोसा कसा निघून चालला आहे, ते सांगते. पूर्वी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर बँकेत यायचे. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आलं. आता बोटाच्या ठशावर, मोबाइलसमोर चेहरा धरून घरबसल्या दाखला जातो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यासाठी हे वरदान आहे, त्याबद्दल तक्रार करणं पाप होईल. पण चालता-फिरता फौजी वर्षातून एकदा दहा फौजींना भेटायचा, ते बंद झालं आणि त्याच्या जागी कुणी काही ठेवलं नाही. समुपदेशनाचे फलक लागतात. त्या दारातून माझे वडील कधी आत गेले नसते. फॉर्म भरायला गेले असते. चष्म्याचा नंबर काढायला, दुसऱ्याच्या विधवेच्या पेन्शनचं अडलं म्हणून भांडायला तर नक्की गेले असते.

(घंटा.) थांबते. या तालुक्यात माजी सैनिक आहेत, वीरपत्नी आहेत. ठाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, पण प्रत्येक कागदासाठी त्या वयात तिथवर जायचं. महिन्यातल्या एका रविवारी एक खोली, चार खुर्च्या, चहा आणि कागदपत्रं समजणारा एक माणूस, एवढं इथे होऊ शकतं. त्यांच्या गप्पांत आपण पडायचं नाही, फक्त फॉर्म भरून द्यायचे. बँकेतून निवृत्त झालेले, तहसील कचेरीत काम केलेले इथे बसलेले असणारच. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. नाव आणि कोणता रविवार जमेल, एवढंच लिहा.