दुसऱ्याने बांधून दिलेला स्वर्ग

दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यालगत सोरोकदो नावाचं छोटं बेट आहे. कोरियावर जपानची सत्ता असताना, १९१६ साली, तिथे कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय निघालं. पुढे सुओ नावाचा जपानी संचालक आला. बेटाचं नंदनवन करण्याचा ध्यास त्याने घेतला. विटा भाजल्या रुग्णांनी, दगड वाहिले रुग्णांनी, आणि अखेर त्याचा पुतळा उभारायलाही पैसे घेतले रुग्णांकडूनच. १९४२ साली एका रुग्णाने त्याला भोसकलं.

या बेटावर यी चोंग-जुन यांनी कादंबरी लिहिली. १९७६ साली ती पुस्तकरूपाने आली. नाव, 'तुमचा स्वर्ग'. तिचा नायक, नवा संचालक, लष्करी डॉक्टर आहे आणि मनाने भला आहे. तो रुग्णांचा फुटबॉल संघ उभा करतो, समुद्राला बांध घालून त्यांच्यासाठी शेतजमीन काढायला निघतो. तरीही त्याच्या हाताखालचा एक अधिकारी त्याला सतत टोकत राहतो. ज्या स्वर्गातून बाहेर पडायची मुभा नाही, त्याला स्वर्ग कसं म्हणायचं? आणि तो कसा असावा, हे राहणाऱ्यांना कुणी विचारलं का?

या प्रश्नांमागे काय होतं, ते सोरोकदोच्या एका रस्त्यावर दिसतं. रुग्णांची मुलं त्यांच्यापासून वेगळी ठेवत. महिन्यातून एकदा भेट. रस्त्याच्या एका कडेला आईबाप, दुसऱ्या कडेला मुलं. जवळ जायचं नाही, फक्त डोळे भरून पाहायचं. बेटाचं नंदनवन मात्र सुंदर होतं.

याच लेखकाची १९७४ची दीर्घकथा आहे 'इओदो'. दक्षिण कोरियाच्याच जेजू बेटावरचे लोक मानत आले की समुद्रात हरवलेले कोळी इओदो नावाच्या सुखाच्या बेटावर पोचतात. हा स्वर्ग मात्र त्यांचा स्वतःचा. ज्या घरांची माणसं समुद्राने नेली, त्या घरांनीच तो कल्पिला.

आणि खुद्द जेजू? निळा समुद्र, संत्र्यांच्या बागा, सहलीला आलेली नवी जोडपी. पण १९४८पासून तिथे सरकारी दमनात हजारो माणसं मारली गेली, आणि त्यावर कित्येक वर्षं बोलायची बंदी होती. जेजूचेच ह्यन की-यंग यांनी १९७८ साली 'सुनी सामचोन' ही कथा लिहून ते बोलून दाखवलं. त्यांना अटक झाली, छळ झाला, पुस्तकावर बंदी आली.

एखाद्या भूमीला स्वर्ग म्हणायचा अधिकार तिथे राहणाऱ्यांचा, आणि तिथलं दुःख सांगायचा अधिकारही त्यांचाच. आधुनिक कोरियन कथेने हे ठामपणे मांडलं आहे. २०२४च्या नोबेलमुळे हान कांग आपल्याकडे पोचल्या. त्यांचीही एक कादंबरी जेजूच्या याच हत्याकांडावर आहे. ती वाचाल तेव्हा यी चोंग-जुन आणि ह्यन की-यंग यांनाही जरूर वाचा. दोघांची ही पुस्तकं इंग्रजीत आली आहेत. मराठीत ती यावीत, हे काम आपल्या अनुवादकांनी हाती घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.