सरासरीत हरवलेला मोखाडा

१ मे १९६०चा उत्साह खराच होता. मराठी मुलुख एक झाला होता. पण १९५३च्या नागपूर करारातलं न्याय्य वाट्याचं वचन किती पाळलं गेलं? १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीनं भाषणं न करता जिल्हावार अनुशेष मोजला. मला ते मोलाचं वाटतं. फक्त ‘जिल्हा’ हे माप आम्हा डोंबिवलीकरांना जरा ओशाळं करतं.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, डोंबिवली होती, तसेच जव्हार-मोखाड्याचे पाडेही. सरासरी काढली, की आमची कमाई कागदावर त्यांच्याही पदरात पडायची! १९९२ साली जव्हार भागातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हा कुठे त्या कागदामागचं दिसलं.

१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला, जव्हार-मोखाडा तिकडे गेले. आता ठाण्याची सरासरी आणखी देखणी झाली असेल. शहापूर मात्र आमच्याकडेच राहिलं. तिथल्या तानसा-भातसाचं पाणी मुंबईच्या नळांना येतं आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. डोंबिवलीहून आसनगाव लोकल तासाभरात तिथं पोहोचवते.