443 नाबाद

जळगाव म्हटले की लोक थेट खानदेशात जाऊन पोचतात. आमचे जळगाव बुलढाणा जिल्ह्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. म्हणून त्याला 'जामोद' जोडून सांगावे लागते. मुलूख कापसाचा. जमाखर्च दोन्हीकडून जुळल्याशिवाय जिनातला मुनीम उठत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलेले. पुढे गावातल्या क्रिकेट सामन्यांची वही माझ्याकडे आली, तेव्हा ध्यानात आले, हेही मुनिमाचेच काम. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर धावा मिळून संघाची धावसंख्या भरली पाहिजे. गोलंदाजांच्या खात्यात बाय आणि लेगबाय मिळवल्यावरही तोच आकडा निघाला पाहिजे. धाव निघाली नाही, तर टिंब. टिंबसुद्धा चुकवायचे नाही, बरं का!

अमेरिकेतल्या बेसबॉलचा तक्ताही या वहीचाच भाऊबंद. हेन्री चॅडविक हा जन्माने इंग्रज वार्ताहर आधी क्रिकेटच्या बातम्या लिहीत असे. त्यानेच पुढे बेसबॉलच्या तक्त्याला वळण दिले.

आज मला एका पानाविषयी बोलायचे आहे. डिसेंबर 1948, पुणे. रणजी करंडकाचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. गंमत पाहा, तेव्हा महाराष्ट्र नावाचे राज्य व्हायला अकरा वर्षांहून अधिक अवकाश होता, आमचा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत होता. पण महाराष्ट्र नावाचा संघ मैदानात होता. आणि राज्य झाल्यावरही आमच्याकडचा पोरगा रणजी खेळतो तो विदर्भाकडून! असो.

काठेवाडचा डाव 238 धावांत आटोपला. महाराष्ट्राने 4 बाद 826 केल्या. त्यात कमल भांडारकर 205, आणि कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443. दुसऱ्या जोडीची भागी 455 धावांची. निंबाळकर 494 मिनिटे, म्हणजे सव्वाआठ तासांच्या आसपास, खेळत होते. चौकार 49, षटकार 1. वही ठेवणाऱ्याला बेरीज-वजाबाकीचा चाळा असतोच, म्हणून मी मांडून पाहिले. चौकार-षटकारांच्या झाल्या 202. उरलेल्या 241 धावा पळून काढलेल्या! शिवाय भांडारकरांच्या आणि इतर जोडीदारांच्या धावांसाठी पळाले ते वेगळेच. ते फलंदाजाच्या खात्यात कुणी मांडत नाही.

प्रथम श्रेणीच्या सामन्यांत तेव्हा सर्वांत मोठी खेळी होती ब्रॅडमनची, 1930 सालची, नाबाद 452. निंबाळकरांना हव्या होत्या आणखी दहा. दोन षटकांचे काम. तेवढ्यात खेळाची सुट्टी झाली, आणि काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. आपल्या संघाविरुद्ध असला विक्रम नोंदला जाऊ नये, असे त्यांच्या मनात होते म्हणतात. संघ परत मैदानात उतरलाच नाही.

आता त्या पानाकडे पाहा. त्यावर 443 आहे आणि पुढे 'नाबाद' आहे. त्या दहा धावांना कुठलाच रकाना नाही. गोलंदाजाने बाद केले नाही, कर्णधाराने डाव घोषित केला नाही, पाऊस आला नाही. मला विचाराल तर ठाकूरसाहेबांनी ते करायला नको होते. हरणाऱ्याने पराभव अखेरच्या चेंडूपर्यंत सोसावा. पण पुण्याच्या गुणलेखकाने काय करायचे? 443 लिहायचे आणि खाली रेघ ओढायची.

पुढे 1959 साली हनीफ महंमदने 499 केल्या, 1994 साली लाराने नाबाद 501. भारतातल्या रणजी सामन्यांत मात्र 443 च्या पुढे अजून कुणी गेलेले नाही. आणि निंबाळकरांच्या नावापुढे कसोटी सामने किती? शून्य. एकदाही निवड झाली नाही. 2012 साली, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर आला असताना, ते कोल्हापुरात वारले.

या पानाची मला इतकी ओढ का, तेही सांगतो. कापूस वेचून झाला की आमच्याकडे रिकाम्या वावरात सामने होत. अशाच एका सामन्यात आमचा एक गडी 96 वर खेळत होता, आणि पाहुणा संघ शेवटच्या एसटीसाठी सामना सोडून चालू लागला. गडी हातात बॅट घेऊन उभाच. मंडळी माझ्याभोवती जमली. "मास्तर, चार मांडून टाका ना! कोण पाहते?" पेन्सिल माझ्याच हातात होती. खरे सांगतो, मनात आले. पण गोलंदाजांच्या खात्यात त्या चार कुणाच्या नावावर टाकणार? न टाकलेल्या चेंडूच्या? मी 96 नाबाद लिहिले, आणि समासात बारीक अक्षरांत 'पाहुणे एसटीला गेले' एवढे लिहिले.

तो गडी सहा महिने माझ्याशी बोलला नाही. परवा घरी आला. म्हणाला, "मास्तर, ती वही आहे का? नातू विश्वास ठेवत नाही." वही काढली. पान पिवळे पडले आहे, पण पेन्सिल वाचता येते. त्याने बोट ठेवून आपली टिंबे मोजली आणि समासातली ओळ नातवाकडून मोठ्याने वाचून घेतली.