बाकडी आपल्या काळ्या दगडाची
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



बागेत बाकडी बसवायचीच, तर आपल्या काळ्या पाषाणाची बसवू या. आपला भुईकोट किल्ला त्याच दगडाचा. शतकानुशतके ऊन-पाऊस खात उभा आहे.

मात्र दगड दाब सोसतो, वाकणं सोसत नाही. म्हणून लांब फळीला मधेही आधार द्या. बैठकीला किंचित उतार ठेवा, पाणी साचणार नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात काळा दगड तव्यासारखा तापतो, लवकर निवत नाही. तेव्हा बाकडी कडुलिंबाच्या पूर्वेला मांडा. दुपारनंतर सावली मिळेल.

उंची दीड फूट, पाठ टेकायला आणि हात रोवायला जागा हवीच. 25 वर्षांपूर्वी इथं राहायला आलेल्यांचे गुडघे आता कुरकुरतात. त्यांना कुणाला हाक न मारता उठता आलं पाहिजे, एवढंच माझं मागणं.