व्यसनग्रस्ताचा जीविताचा हक्क आणि सरकारची तिजोरी



दारू वाईट, हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. पाचवे शील आपण स्वीकारलेले आहे. मी बोलणार आहे ते, ज्याच्या हातून हे शील मोडले आणि जो आता मरणाच्या दारात पडला आहे, अशा माणसाविषयी. त्याला जगण्याचा हक्क आहे किंवा नाही? घटनेच्या २१ व्या कलमात ‘व्यक्ती’ एवढाच शब्द आहे. ‘निर्व्यसनी व्यक्ती’ असा नाही.

२०२४ च्या जून महिन्यात तामिळनाडूतील कळ्ळकुरिची येथे मिथेनॉलमिश्रित दारू पिऊन साठांहून अधिक माणसे मेली. हे विष तत्काळ मारीत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनण्यास काही तास लागतात. मग दृष्टी जाते, श्वास अडतो. त्या अवधीत प्रतिविष व डायलिसिस मिळाले तर माणूस वाचू शकतो. तेथील रोग्यांना सेलम, विळुप्पुरम, पाँडिचेरी असे दूरदूर न्यावे लागले. पुढे सरकारने प्रत्येक मृताच्या कुटुंबास दहा लक्ष रुपये जाहीर केले. ही रक्कम सहा कोटींच्या वर जाते. ती आधी खर्च झाली असती तर कितीजण वाचले असते, याचा हिशेब कोणी मांडीत नाही!

विषारी दारूची बातमी तरी होते. परंतु रोज पिणाऱ्या मजुराची दारू एकाएकी तुटली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला कंप सुटतो, झटके येतात, नसलेली माणसे दिसू लागतात. गाव म्हणते, बाहेरची बाधा झाली. आणि त्याला भगताकडे नेतात. वास्तविक हा आजार आहे, आणि वेळीच औषध, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शने व रात्रंदिवस देखरेख मिळाली तर बहुधा बरा होणारा आहे. ग्रामीण रुग्णालयात चार राखीव खाटा, शिकविलेल्या परिचारिका, औषधे आणि मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचविणारी गाडी, एवढीच आमची मागणी आहे.

यास पैसा कोठून आणावा? घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची पाहा. सहावी नोंद सार्वजनिक आरोग्य व रुग्णालयांची, एक्कावन्नावी दारूवरील कराची. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही पिण्याची दारू त्याबाहेरच ठेवण्यात आली. म्हणजे प्रत्येक पेल्यामागे कर घेणारा आणि रुग्णालयास जबाबदार असणारा पक्ष एकच! दारूबंदीसाठी झटावे असे सांगणारे ४७ वे कलम न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाही, असे सरकारी वकील म्हणतील. ठीक आहे, २१ वे कलम आणता येते. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये आगगाडीतून पडलेल्या एका शेतमजुरास सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठविले. त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पैशाची टंचाई ही अशा वेळी सरकारची सबब होऊ शकत नाही.

अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात व्यसनग्रस्तांच्या उपचारासाठीही वापरता येईल असा राष्ट्रीय निधी आहे. तथापि दारू त्या कायद्यात येत नाही, म्हणून खेड्यातील दारुड्यास त्याचा उपयोग नाही. त्याच कायद्याचे ६४-अ कलम स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीस खटल्यापासून काही मर्यादेत अभय देते. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून पिणे हा गुन्हा आहे. पोलिसांच्या भीतीने घरची माणसे रोग्यास लपवितात. दारू पिणाऱ्यासही तसे अभय निःसंदिग्ध शब्दांत मिळाले पाहिजे. आणि दारूच्या करातील ठराविक हिस्सा कायद्यानेच या केंद्रांसाठी राखून ठेवला पाहिजे. एकदा तो संचित निधीत मिसळला, की त्याचा माग लागत नाही.

आपल्या ग्रामसभेत ठराव करा व तो जिल्हा नियोजन समितीकडे पाठवा. ज्या रोग्यास परत पाठविले गेले त्याची तारीख, वेळ, रुग्णालय आणि कापलेले अंतर लिहून ठेवा. २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर वकिलास हेच कागद लागतील.